दहापैकी दोन

सिस्टरबाईंचा स्वभाव बोलका, आणि तोच नडला.

हृदयाच्या ऑपरेशननंतर दुखणं दाबणारी कडक औषधं देतात, त्यांनी गुंगी येते. ती थोडी कमी दिली तर पेशंट लवकर हिंडूफिरू लागतो का, याचा अभ्यास वॉर्डात दीड वर्ष चालला होता. सिस्टरबाईंकडे काम एकच. रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचं, "दहापैकी किती दुखतंय?" आणि आकडा तक्त्यात लिहायचा. आकडा लहान आला की त्यांच्या तोंडून आपसूक निघे, "अरे वा, शाब्बास!" मोठा आला की चेहरा पडे. त्यात वावगं ते काय? पेशंटला धीर नको का द्यायला?

चार नंबरच्या पलंगावरचे शिंपीकाका त्यांचे खास लाडके. "शिलाई झकास आहे हो," छातीवरच्या टाक्यांकडे बोट दाखवून ते म्हणत, "फक्त अंगाला जरा घट्ट बसलीय." मग हळूच, "दोन लिहा." रोज दोनच. आणि रोज शाबासकी.

घरी गेलेले काका नवव्या दिवशी धापा टाकत परत आले. फुप्फुसात कफ साठून संसर्ग झाला होता. खोकायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

"खोकणार कसे?" काकू जिन्यापाशी म्हणाल्या. "छाती फाटल्यासारखी दुखायची. इथे होते तेव्हाही उशी आवळून बसायचे."

"पण मला तर दोन सांगायचे!"

"तुमच्यासाठीच की. 'ती पोर किती खूश होते, कशाला तिचा हिरमोड करायचा,' म्हणायचे. आजूबाजूच्यांनाही पटवलं होतं त्यांनी."

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर सिस्टरबाईंना सोपं गेलं असतं.

त्या तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर खुशीत होते. सोमवारपासून सगळ्याच वॉर्डांत औषध कमी करायचं ठरलं होतं, तेही याच आकड्यांच्या जोरावर.

"थांबवा ते," सिस्टरबाई म्हणाल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दीड वर्षाचं काम मातीत गेलं, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही.

"शाब्बास कितीजणांना म्हणालात?"

"सगळ्यांना."

दुपारी त्या काकांपाशी गेल्या. काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पाय धरून माफी मागावी असं सिस्टरबाईंना फार वाटत होतं, पण आधी औषध वाढवायला हवं होतं आणि त्यासाठी विचारायला हवं होतं.

"काका, आता अगदी खरं सांगा. किती दुखतंय?"

काकांनी त्यांचा रडवेला चेहरा नीट निरखून पाहिला. मग चादरीखालून हात काढला आणि एकच बोट वर केलं.