पाच वाजताचं पाणी

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या प्रितम गजभियेची नोकरी अशी होती, की सांगताना त्याची छाती फुगायची आणि ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. जगभर पसरलेल्या एका कंपनीची शेकडो कामं ठरल्या मिनिटाला आपोआप सुरू होतात की नाही, हे तो बघायचा. सिंगापूरचं काम सिंगापूरच्या घड्याळानं, लंडनचं लंडनच्या. सहा वर्षांत एकही काम वेळ चुकलं नव्हतं, आणि हे तो दर पॉटलक जेवणाला कुणा ना कुणाला ऐकवायचाच.

अशा माणसाला घरातला टायमर लावणं म्हणजे हातचा मळ. जानेवारीत नागपूरहून बाबा यायचे होते. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि बाबांनी आता कायमचं इथंच राहावं, एवढं एकच प्रितमच्या मनात होतं. बाबांच्या फार मागण्या नव्हत्या. वीज खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, पहाटे पाचला कडकडीत पाण्यानं आंघोळ, मग बुद्धवंदना, मग चहा. प्रितमनं तळघरातल्या पाणी तापवायच्या जुन्या टाकीला आणि हीटिंगला मिळून एक नवा टायमर बसवून घेतला. पाचला पाणी तापणार, पाचलाच बाबांची खोली ऊबदार होणार. सगळं फोनवरून. फोनवर हिरवी खूण आली, 'ऑन टाइम' असं आलं. नळाखाली हात मात्र कुणी धरून बघितला नाही.

"काय बाबा, पाणी कसं होतं?" पहिल्या दिवशी त्यानं विचारलं.

"छान," बाबा म्हणाले. त्यांचे ओठ जरा निळसर दिसत होते, पण न्यू जर्सीत जानेवारीत सगळ्यांचेच दिसतात.

घरातल्या दुसऱ्या कुणाला पत्ता लागण्याचं कारण नव्हतं. प्रितम जिममध्येच आंघोळ उरकायचा. त्याची बायको उपासना औषधांच्या दुकानातली ड्यूटी संपवून संध्याकाळी सातला यायची आणि आल्याआल्या शॉवरखाली जायची. नऊ वर्षांची अंतराही इथल्या मुलांसारखी झोपण्याआधी आंघोळ करायची. पहाटे आंघोळ करणारा प्राणी त्या घरात एकच होता आणि तो 'छान' म्हणून मोकळा झाला होता.

आठवड्याभरात बाबांचं काहीतरी बिघडलं. भर दुपारी पडदे ओढून झोपायला लागले. संध्याकाळी साडेसहाला आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसायला लागले. प्रितमला आधी वाटलं, जेटलॅग असेल. पण जेटलॅग काय महिनाभर राहतो?

"आजोबा इज ऑन इंडिया टाइम, डॅडी," अंतरा एकदा गाडीत म्हणाली. प्रितम हसला. मुलं काहीही बोलतात.

मग एके दिवशी उपासनानं दबक्या आवाजात सांगितलं, "अरे, ते दार लावून एकटेच कुणाशी तरी बोलतात. मध्येच हसतात पण. मी दोनदा ऐकलं."

आता मात्र प्रितमच्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी तो अंतराला स्विमिंगला न्यायचा, त्यामुळे त्यानं स्वतः काही ऐकलं नव्हतं. पण इंटरनेटवर दिवस-रात्रीचा गोंधळ, एकट्यानं बोलणं, वेळी-अवेळी आंघोळ अशी स्मृतिभ्रंशाची सगळी लक्षणं ओळीनं लिहिलेली होती. आई गेली तेव्हा वेळेवर पोचलो नाही, आणि आता बाप डोळ्यांसमोर हातातून सुटतोय, असं त्याला वाटलं. बाबांना थेट विचारावं हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्यानं मेमरीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, सोमवारची. बाबांना सांगितलं, "बीपी चेक करायचंय."

"कर ना," बाबा म्हणाले.

रविवारी दुपारी तीनला घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला तो तळघरात उतरला. टायमरच्या डबीकडे सहज नजर गेली. डबीवर वेळ होती रात्रीचे दीड.

प्रितमनं खिशातून ऑफिसचा फोन काढला. हा फोन तो कायम पुण्याच्या वेळेवर ठेवायचा, कारण अर्धी टीम पुण्यात होती. याच फोनवरून त्यानं टायमर लावला होता, आणि टायमरनं मुकाट्यानं फोनची वेळ उचलली होती. बाबांची पहाटेची पाचची आंघोळ पिस्कॅटवेत रोज संध्याकाळी साडेसहाला तयार होत होती. पहाटेपर्यंत उपासना, अंतरा आणि भांडी मिळून टाकी रिकामी करत होती. ज्या चुकीवरून त्यानं नव्या पोरांना मीटिंगमध्ये फाडून खाल्लं असतं, नेमकी तीच चूक त्यानं स्वतःच्या बापाच्या आंघोळीत केली होती.

पण लाज वाटायच्या आधी त्याचा जीव भांड्यात पडला. बाबांचं डोकं शाबूत होतं! बिचारे पाणी गरम मिळेल तेव्हा आंघोळ करत होते, बाकी काही नाही. त्यानं तिथल्या तिथं घड्याळ दुरुस्त केलं, डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली, आणि संध्याकाळपर्यंत शीळ घालत घरभर हिंडला.

साडेसहाला खांद्यावर टॉवेल टाकून बाबा बाथरूममधून बाहेर आले. "आज पाणी गार आहे."

प्रितम याचीच वाट बघत होता. त्यानं सगळी कथा रंगवून सांगितली, पुण्याची वेळ, फोन, टाकी, स्वतःची फजिती. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय? कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. तळघरात जाऊन पाहून आलो होतो. खात्यात काय नुसती बिलं वाटत होतो का मी?"

"मग सांगितलं काहून नाही?" अमेरिकेतल्या अठरा वर्षांत प्रितमच्या तोंडून हे नागपुरी 'काहून' निघालं नव्हतं.

"सांगतलं असतं तर तू नीट केलं असतं."

प्रितमला काही समजेना. बाबा सोफ्याच्या कडेवर टेकले.

"पहाटे साडेपाचला आपल्या नागपूरच्या विहारात वंदना असते ना. मी यायच्या आधीच तिथल्या राजेशनं सांगून ठेवलं होतं, भाऊ, तुमची चटई आम्ही टाकतच जाऊ. रोज टाकतात. त्यावर राजेश त्याचा फोन ठेवते, स्पीकर लावून. मी इकडून म्हणतो, ते तिकडून. मग चहाच्या वेळी गप्पा, थट्टामस्करी. संध्याकाळी हीटिंगचे पाइप वाजायला लागले की मला वाटे, उठायची वेळ झाली. पाणी तापलंय. पोरगं चुकून का होईना, बरोबर करून राहिलं. असं असेल तर राहता येईल इथं, असं मी राजेशला परवाच म्हटलं."

आपण बापाला उद्या कुठं नेणार होतो हे आठवून प्रितमचे कान तापले.

"बरं केलं म्हणा दुरुस्त," बाबा उठत म्हणाले. "चुकलेलं घड्याळ घरात ठेवू नये. आज गार पाण्यानंच उरकतो, उशीर होऊन राहिला."

प्रितम तळघरात धावला. डबी उघडून घड्याळ पुन्हा बिघडवायला लागला. स्क्रीनवर सूचना आली, की तुम्ही टाकत असलेली वेळ या ठिकाणाशी जुळत नाही, तरीही ठेवायची का. त्यानं 'हो' दाबलं. आता वेळ टाकायची होती. ऑफिसचा फोन खिशातच होता, त्यावर ती दिसतही होती. पण त्यानं जिन्यातून वर हाक मारली.

"बाबा, किती वाजले?"

वरून नळाचा आवाज थांबला.

"पाच वाजून दहा," बाबा म्हणाले.

प्रितमनं तेच टाकलं.