अडलेलं कथील

कुमुदिनीबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून तीन आठवडे झाले होते, आणि दिनानाथराव अजून स्टुलावर चढून शब्दकोशच काढत होते.

पत्रात प्रश्न दोन होते. पहिला त्या दोघांच्या पुस्तिकेचा. मूलद्रव्यांची नावं कुठून आली, हे शाळेतल्या मुलांना सांगणारी पुस्तिका. रसायन बाईंचं, शब्द यांचे. सगळी पानं तयार, एक कथील अडलेलं. दुसरा प्रश्न अगदी खाली, बारीक अक्षरात : ‘या रविवारी नाही, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मुलगा मला कायमचं बंगळूरला न्यायला येतोय. मी इंदूरलाच राहावं असं तुम्हाला वाटतं का?’

तो रविवार आता चार दिवसांवर आला होता, आणि हे पहिल्याच प्रश्नाला चिकटून बसलेले. कथिलाला हिंदीत रांगा, अरबीत कस्दीर, ग्रीकमध्ये कस्सितेरोस, संस्कृतात कस्तीर. शब्द इथून तिकडे गेला की तिकडून इथे आला? एक पंडित हे म्हणे, दुसरा ते. लिहिलेले कागद फाडून झाले. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

“बाबा, उतरा आधी,” सून निवेदिता दारातून म्हणाली. “पडलात तर कुमुदिनीजींना काय सांगू, रांग्यानं पाडलं?”

“पक्कं कळल्याशिवाय लिहू कसं?”

“त्यांचं स्नेहलतागंज काय दूर आहे का हो? फोनवर बोलून टाका ना.”

“फोनवर मला सुचत नाही.”

“ठीक आहे. त्या गेल्या की सुचेल, आरामात.”

ती आत गेली. दिनानाथराव उतरले. हातातला कोश त्यांनी न उघडताच पलंगावर टाकला आणि उभ्याउभ्याच कागदावर लिहिलं :

‘कथील कुठलं, ते मला ठरवता येत नाही. तसंच छापू. तुम्ही राहावं असं मला वाटतं. फार वाटतं.’

शेवटचे दोन शब्द खोडायला पेन टेकवलं. मग घाईघाईनं पाकीट चिकटवून टाकलं.

“द्या, स्कूटीनं पाच मिनिटांत देऊन येते,” निवेदिता म्हणाली.

“नको. तू वाटेत असतानाच मी तुला परत बोलावीन. पोस्टाच्या पेटीपाशी सोड मला.”

पेटीच्या फटीत पाकीट अर्धं गेलं आणि हात थांबला. मागे निवेदितानं गाडी बंद केली. त्यांनी बोटं सैल केली. आत हलकासा आवाज झाला.

त्यांनी फटीत दोन बोटं घालून पाहिली. पोचत नव्हती.

“चल,” ते म्हणाले.