जांभळ्या मिरचीचं बी

पुडी उंबऱ्याच्या बरोबर मधोमध ठेवलेली होती. भाजीची पिशवी हातात घेऊन अनसूयाबाई जिन्यातच थबकल्या. वहीच्या कागदाची पुडी, एका कडेनं उकललेली. आत राख, आणि राखेत लाल मिरचीची फाटकी साल.

निजामपुऱ्यातल्या बाजारात जाऊन यायला तासभर लागला असेल. तेवढ्यात कोणी डाव साधला? समोरच्या मीराबाईच्या दाराला कुलूप. बाई दवाखान्यात आया, दुपारची ड्युटी. जाता जाता ठेवून गेली असणार. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या अनसूयाबाई असलं काही मानत नसत, निदान बोलून दाखवत नसत. तरी पुडीला बोट न लावता त्यांनी ती केरसुणीनं सुपलीत ओढली, खाली जाऊन गटारात सोडली, आणि पायांवर पाणी घेऊनच घरात आल्या.

मग गच्चीवर गेल्या.

रंगाच्या रिकाम्या बादल्यांत त्यांची मिरच्यांची बाग होती. पिवळी, नारिंगी, पांढरट. कासाराच्या दुकानासारखी झाडं भरलेली. जीव मात्र कोपऱ्यातल्या एका मरतुकड्या रोपात. थोरल्या बहिणीनं, आक्कानं, जाण्याआधी पदराच्या गाठीत बांधून दिलेलं जांभळ्या मिरचीचं बी. त्यातलं एवढंच जगलं. त्यावर एकच मिरची धरली, जांभळीची लाल होत आलेली, बियाण्यासाठी राखलेली. आता तिथे नुसता देठ होता.

माझीच मिरची तोडून माझ्याच दारी उतारा. खालच्या कापडाच्या कारखान्यात लूमची खटखट चालली होती आणि तिच्या तालावर संशय विणला जात होता. परवाच मीराबाई म्हणाली होती, ही जांभळी लय नखऱ्याची हाय. नजर तेव्हाच लागली. संध्याकाळी गच्चीच्या दाराला कुलूप चढलं.

आठ दिवस जिन्यात गाठ पडली की अनसूयाबाई भिंतीकडे बघत. गच्ची बंद, म्हणून मीराबाई ओले कपडे जिन्याच्या कठड्यावर वाळत घाली. कुलपाबद्दल चकार शब्द नाही. तेही त्यांना खुपलं. चोराला विचारायचं तोंड कुठून असणार.

नवव्या दिवशी तिनंच थांबवलं.

"ताई, पेरलं का मग?"

"काय पेरलं?"

"बी. तुमची जांभळी बुलबुलानं फोडलेली त्या दुपारी. मी कपडे काढायला गेली तर निम्मी खाल्लेली. म्हटलं, उरलंय ते तरी वाचवू. बंबातली राख लावली न् पुडी ठेवली तुमच्या दारात. तुमी घरात न्हाय, मला ड्युटीची घाई."

"दारात कशाला? आल्यावर हातात द्यायची."

"मिरची हातातून घेत न्हाय ना तुमी. भांडण होतं म्हणून मागं खाली ठेवायला लावलेलं मला. आमी असलं मानत न्हाय, पन तुमी मानता."

अनसूयाबाईंना आक्काचा पदर आठवला. तीही बी राखेत घोळूनच द्यायची. गाठ सोडली की बोटं करडी व्हायची.

"पेरलं," त्या म्हणाल्या.

कुलूप त्याच दिवशी निघालं. तोवर वाळून गेलेलं रोप उपटून त्यांनी बादलीतली माती मोकळी केली, वर खत पसरलं. आता रोज सकाळी अनसूयाबाई त्या रिकाम्या मातीला ओंजळभर पाणी घालतात. कपडे वाळत घालता घालता मीराबाई वाकून बघते.

"अजून न्हाय?"

"अजून नाही."

"येईल. जुन्या वाणाचं बी हाय, वेळ लागतो," ती म्हणते, आणि मातीवर उडून आलेले कापसाचे तंतू बोटांनी अलगद वेचून घेते.