झाकणाखालचं कूपन

सोमनाथला एका बाटलीमागे वीस पॉइंट मिळणार होते. तीन हजार पॉइंटांना मिक्सर, बारा हजारांना जोडीने गोव्याची सहल. मिक्सर म्हणजे दीडशे बाटल्या, आणि दीडशे बाटल्या म्हणजे दीडशे मोटरसायकलींची पोटं. इंदिरानगरच्या बोगद्याजवळ त्याचं गॅरेज. दिवसाला चार-पाच गाड्यांचं ऑइल बदललं जायचं. दिवाळीच्या आत मिक्सर घरात येणार, असं त्याने बायकोला, हर्षालीला, सांगून टाकलं होतं. गोव्याबद्दल तो अजून काही बोलला नव्हता, पण फुलाफुलांची चड्डी घेऊन ठेवली होती.

हे पॉइंट असतात झाकणाखाली. इंजिन ऑइलची बाटली विकत घेतं गिऱ्हाईक, झाकण उघडतो मेकॅनिक, आणि झाकणाच्या आतलं कूपन खरवडून मोबाइलने स्कॅन करतो तोही मेकॅनिकच. गिऱ्हाईक तेव्हा टपरीवर चहा पीत असतं. ही रीत इतकी मुरलेली, की ‘कोणतं ऑइल टाकू?’ असं सोमनाथने कित्येक वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. बाकीच्या कंपन्या दहा पॉइंट द्यायच्या. श्रावणात ‘वज्रधारा’ नावाचं नवं ऑइल आलं, त्यांनी वीस दिले. सोमनाथच्या मांडणीवर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बाटल्या जांभळ्या.

बाटलीवर पुढे मोटरसायकल आणि कार शेजारीशेजारी पळत होत्या. मागे लिहिलं होतं, ‘प्रगत गुणद्रव्यांचं खास सूत्र’. मागची बाजू सोमनाथने पाहिली नाही. कूपन मागे नव्हतं.

पुंजा तुंगार विल्होळीकडचा दूधवाला. पंधरा वर्षं त्याची गाडी सोमनाथकडे, आणि त्याच्या शब्दावर गावातल्या बावीस दूधवाल्यांच्या गाड्याही. सकाळी साडेआठला तो गाडी ढकलत गॅरेजात आला, तेव्हा दोन्ही कॅनांचं दूध हिंदकळून त्याच्या पायजम्यावर आलं होतं.

“सोम्या, काय करून ठेवलंस रे गाडीचं? नुसती बोंबलती, पळत नाय. बोगद्याच्या चढाला निम्म्यात हुबी राह्यली. मागं रिक्षावाले आईबाप काढित्यात माझं!”

सोमनाथने गाडी उघडली. इंजिन ठणठणीत. क्लचच्या प्लेटा मात्र काचेसारख्या गुळगुळीत, आणि जळका वास. पंधरवड्यापूर्वी हीच गाडी त्याने सर्व्हिसिंग करून दिली होती, तेव्हा प्लेटा चांगल्या होत्या. त्याने पदरच्या नव्या प्लेटा घातल्या. नव्या प्लेटा म्हणून ताजं ऑइलही घातलं. जांभळं. कूपन खरवडलं.

पाचव्या दिवशी पुंजा परत आला, तो गाडीशिवाय. गाडी बोगद्यातच पडली होती आणि एक कॅन रस्त्यावर ओतला गेला होता. या खेपेला त्याने आवाज चढवला नाही, त्यामुळे सोमनाथला जास्त भीती वाटली.

“माझ्या कंपनीच्या प्लेटा काढून घेतल्या तू,” पुंजा म्हणाला. “डुप्लिकेट घातल्या. दोन्ही टायमाला.”

“पुंजाबाबा, काय बोलता? मी चोर आहे?”

“मंग कोन हाय? गाडीला हात तुझ्याबिगर कोनी लावला? उत्तमची गाडी बी तशीच करती, भिकाची बी. येत्या रईवारी डेअरीवर सगळे चहाला थांबत्यात. तितं ये आन् सांग काय केलं ते. न्हाई आला तर मी सांगन.”

मेकॅनिकला शिव्या चालतात, उशिराबद्दल बोलणी चालतात. ‘पार्ट बदलले’ हा एकच शब्द असा आहे, की तो गावात फिरला की गॅरेजचं शटर ओढायला बाहेरचा माणूस लागत नाही. आज गुरुवार होता.

रात्री सोमनाथने जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. हर्षालीने ताटाच्या जागी बाटली ठेवली.

“प्लेटा त्याच कंपनीच्या, हात तोच, चढही तोच. बदललं काय? ही बाटली. आत काय आहे हिच्यात?”

“ऑइल.”

“ते मलाही दिसतंय. ऑइलमध्ये काय?”

सोमनाथने पहिल्यांदा बाटली उलटी करून वाचली. ग्रेड होता, किंमत होती, मुलांपासून दूर ठेवा होतं, आणि ते खास सूत्र होतं. हर्षालीने उघडलेली झाकणं एका श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जमवली होती. तो डबा तिने पुढे सरकवला.

“हे वाचा. चक्का, साखर, वेलदोडा. चिमूटभर जायफळ घातलंय तर तेही लिहिलंय. श्रीखंड आपण खातो, पटलं नाही तर उलटी होते. इंजिन बिचारं उलटीही करू शकत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने बाटलीवरचा नंबर लावला. वीस मिनिटं बासरी ऐकवून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली आहे. काय नोंदवलं ते विचारेपर्यंत परत बासरी. मग त्याने शेखरला फोन केला. शेखर वज्रधाराचा नाशिकचा वितरक.

“सोमनाथशेठ, सूत्र गोपनीय असतं हो. आणि एवढं टेन्शन कशाला? उद्या आपला मेकॅनिक मेळावा आहे पाथर्डी फाट्याला. कंपनीचे टेक्निकलचे साहेब येतायत. जेवण आहे. वहिनींनाही आणा.”

सोमनाथने हर्षालीला नेलं नाही, बाटली नेली.

हॉलमध्ये दीडशे मेकॅनिक, प्रत्येकाच्या मांडीवर कंपनीची निळी बॅग. देवव्रत नावाचे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. बोलणं गोड, शर्ट पांढरा. ऑइलच्या धंद्यात इतका पांढरा शर्ट दिसला, की समजावं या माणसाने बऱ्याच वर्षांत झाकण उघडलेलं नाही.

“आपल्या वज्रधाराची खासियत म्हणजे घर्षण कमी करणारं नवं गुणद्रव्य. त्यामुळे मायलेज वाढतं,” साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

सोमनाथ उभा राहिला. “साहेब, हे गुणद्रव्य घर्षण कमी करतं म्हणालात?”

“अगदी बरोबर.”

“मोटरसायकलचा क्लच घर्षणावरच चालतो. प्लेट प्लेटेला धरते म्हणून गाडी ओढते. आणि कारसारखा तो कोरडा नसतो, याच ऑइलात बुडालेला असतो. मग तुमचं गुणद्रव्य त्याला सोडून जातं का?”

साहेबांनी पडद्यावरचं चित्र पुढे सरकवलं.

“बाटलीवर ग्रेड दिलेला आहे,” देवव्रत म्हणाले.

“ग्रेड म्हणजे पातळ की घट्ट, एवढंच. मी घट्टपणा विचारत नाही. आत काय घातलंय ते विचारतो. ते बाटलीवर का नाही?”

“ती आमची संशोधनाची मालमत्ता आहे. उद्या कोणीही नक्कल करेल.”

“प्रमाण नका सांगू, गोपनीय ठेवा. पण क्लच घसरवणारं औषध आत आहे, एवढं तरी लिहा! नाहीतर पुढची मोटरसायकल पुसून टाका. माझ्याकडे नऊ गाड्या आल्या पंधरा दिवसांत.”

“माझ्याकडं पाच,” मागून सिडकोचा बंटी मिस्त्री ओरडला. “मी तर गिऱ्हाइकालाच शिव्या घातल्या, क्लच दाबून चालवतो म्हणून!”

“माझ्याकडे सात!”

“मला तर लोक डुप्लिकेटवाला म्हणायला लागले!”

हात वर व्हायला लागले. वीस, तीस, पन्नास. बॅगा मांडीवरून खाली पडल्या. देवव्रत साहेब पाणी प्यायले. सोमनाथ म्हणाला, “आता बोललात ते मला कागदावर द्या. उद्या मला बावीस माणसांपुढे उभं राहायचंय.”

“लेखी देण्याचा अधिकार मला नाही.”

“बोलायचा आहे?”

शेखरने तेवढ्यात माइक उचलला. शेखर असा माणूस, की आग लागली तर आधी तिथे कणसाची गाडी लावेल. “मित्रहो! साहेबांनी आत्ताच मंजुरी दिली आहे. आजपासून दिवाळीपर्यंत वज्रधारावर तिप्पट पॉइंट! साठ पॉइंट बाटलीला! ॲप अपडेट करून घ्या.”

वर गेलेले हात खाली आले ते थेट खिशात. पन्नास मोबाइल निघाले. बंटी मिस्त्रीने मान खाली घालून ॲप उघडलं, मग सोमनाथकडे बघून म्हणाला, “अरे, चारचाकीत टाकू ना आपण. कारला चालतंय.”

“तुझ्या गॅरेजात कार कधी शिरली रे? दारातून रिक्षा जात नाही!”

“आता शिरंल,” बंटी म्हणाला, आणि जेवणाची रांग धरली.

सोमनाथला त्याचा राग आला, पण पुरता येईना. श्रावणात तोही याच रांगेत होता, आणि बराच पुढे.

रविवारी सकाळी तो विल्होळीला डेअरीवर गेला. सोबत श्रीखंडाचा डबा. बावीस दूधवाले ओट्यावर बसलेले, हातात चहा, कुणी त्याला दिला नाही. सोमनाथने डबा ओतला. जांभळी झाकणं ओट्यावरून घरंगळत गेली.

“प्लेटा मी चोरल्या नाहीत. या बाटलीतल्या ऑइलात क्लच घसरवणारं काहीतरी आहे. बाटलीवर ते लिहिलेलं नाही, कंपनी लिहून देत नाही. पण तुमच्या गाडीत ते मी ओतलं, कारण प्रत्येक झाकणामागे मला वीस पॉइंट होते. ज्यांच्या गाडीत ओतलं त्यांना प्लेटा आणि ऑइल मी माझ्या पदरचं घालून देणार.”

पुंजाने एक झाकण उचललं, आत बोट फिरवून पाहिलं.

“म्हंजी प्लेटा तू चोरल्या न्हाईत.”

“नाही, बाबा.”

“चोरल्या असत्या तर बरं झालं असतं. चोराला ठावं असतं त्यानं काय नेलं ते. तू पंधरा वर्सं माझ्या गाडीत काय घातलं, ते तुला बी ठावं न्हाई.”

सोमनाथ वाकून घरंगळलेली झाकणं परत डब्यात भरायला लागला. थोड्या वेळाने कुणीतरी चहा पुढे केला. चहा गार होता, तरी सोमनाथ तो प्यायला.

सोमवारी गॅरेजच्या दारावर कागद लागला: ‘ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती इथे ओतली जाणार नाही.’ जांभळ्यांच्या जागी मांडणीवर आणलेल्या झाडून सगळ्या कंपन्यांच्या बाटल्या हर्षालीने उलट्या करून वाचल्या.

“या हिशोबाने एकही ओतता येत नाही. काय घालणार गाडीत? खोबरेल?”

“खोबरेलाच्या बाटलीवर तरी खोबरेल लिहिलेलं असतं,” तो तणतणला. पण कागद खाली उतरवून त्याने दुसरा लावला. ‘मोटरसायकलच्या क्लचला चालेल, असं छापून देणाऱ्या कंपनीचंच ऑइल मिळेल. आणि आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही.’ या दुसऱ्या ओळीपायी त्या महिन्यात निम्मी गिऱ्हाइकं कमी झाली. मेकॅनिकला सगळं माहीत असतं, असं समजूनच लोक गाडी सोपवतात.

दिवाळीनंतर वज्रधाराची बाटली हिरवी झाली. पुढची मोटरसायकल गेली, एकटी कार राहिली. मागे तेच सूत्र, तेवढंच खास.

आता कुणी काय भरलं ते बघू. नऊ गाड्यांच्या प्लेटा सोमनाथने भरल्या. एक कॅन दूध आणि दोन सकाळी पुंजाने भरल्या. तो अजून येतो, पण चहाला जात नाही, गाडीशेजारी उकिडवा बसून बाटली मोठ्याने वाचून घेतो. हर्षाली जुन्याच मिक्सरचं झाकण तळहाताने दाबून चटणी वाटते. बंटीने शपथेवर सांगितलं की एकाही मोटरसायकलमध्ये टाकलं नाही, आणि तो गोव्याला जाऊन आला. कंपनीच्या बाजूने एकूण खर्च पडला तो मेळाव्याचा: पनीर, दोन-दोन गुलाबजाम आणि निळी बॅग. सोमनाथच्या बॅगेची चेन पंधरा दिवसांत गेली.