तिसरीच्या वर्गातली अंगाई

वेळापत्रकात ‘आपला वारसा’ नावाचा तास आला तेव्हा तिसरीच्या बाईंनी कपाळाला हात लावला. जुन्या नाण्यांची चित्रं दाखवून मुलं किती वेळ गप्प बसणार? शेवटी त्यांनी आपल्या आईलाच वर्गात आणून बसवलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक अंगाई आईला येत होती. संथ, ओळीच्या मध्येच श्वासापुरती थांबणारी. बाईंना ती कधीच जमली नाही. गळा बाबांवर गेला होता. पोरांनी मात्र महिनाभरात उचलली. रेकॉर्ड करायला बाईंनी मोबाईल काढला की आई खेकसायची, “ठेव तो डबा! मी काय लगेच मरतेय?”

आणि गेलीच की. ध्यानीमनी नसताना, सकाळचा चहा गाळता गाळता.

रजा संपवून बाई शाळेला निघाल्या, तेव्हा बाबा म्हणाले, “तुझ्या पोरांना येतं ना गं तिचं गाणं? फोनमध्ये घेऊन ये. एकदा ऐकतो.”

बाईंना पाहताच मुलांनी एकच गलका केला. “बाई, आपलं गाणं स्नेहसंमेलनात घेतलंय!” संगीताच्या सरांनी त्याला नवा ठेका दिला होता, दर ओळीला दोन टाळ्या. भल्या माणसाला अंगाई झोपाळू वाटली, म्हणून त्यांनी तिला खडबडून जागं केलं होतं. मुलं बेंबीच्या देठापासून गायली. बाईंनी त्यांना थांबवलं.

“आजी म्हणायच्या ना, तसं म्हणा रे.”

पोरांनी अगदी मनापासून प्रयत्न केला. पण दुसऱ्याच ओळीला हात आपोआप वर आले.

“बाई, आता तसं येतच नाही,” पहिल्या बाकावरची चिमुरडी रडवेली होऊन म्हणाली.

बाईंना सरांचा राग आला, मग स्वतःचा. पण बाबांपुढे रिकाम्या हातांनी जायचं कसं? त्यांनी आलं तसं गाणं रेकॉर्ड करून घेतलं.

संध्याकाळी बाबांनी फोन कानाला लावला. शब्द तेच होते, एकही चुकला नव्हता. बाबांनी शेवटच्या टाळीपर्यंत सगळं ऐकलं आणि फोन लेकीच्या हातात दिला.

“गोड म्हणतात हं पोरं,” ते म्हणाले आणि खुर्चीत नीट सावरून बसले. “आता तिचं लाव.”