डावं शिंग खाली

१. दोन्ही शिंगं सारख्या उंचीला: जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली प्रजाती.
— डावं शिंग खाली कललेलं: नवी प्रजाती. संघप्रियाची.

कीटक ओळखायच्या तक्त्यातल्या या दोन ओळींवरच सगळं अडलं होतं. ब्राझीलच्या जंगलातला साबुदाण्याएवढा तुडतुडा, पाठीवर शिंगं. संघप्रियाचं म्हणणं, हा त्या जुन्यांतला नाही, याची प्रजाती वेगळी मांडा. तिचा शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकाचं म्हणणं, शिंग डबीत दबून वाकलं असेल. नीट चित्र पाठवा, मग बघू.

चित्र काढलं होतं तिच्या पप्पांनी. किसन पेंटर. सानपाड्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी त्यांच्याच हातच्या. लेकीने दिलेला फोटो समोर ठेवून, श्वास रोखून, त्यांनी पायावरचा केसन् केस उतरवला होता.

आणि शिंगं? दोन्ही सरळ. दोरी लावून आखल्यासारखी.

२. सांगितलं: पप्पांचं तोंड उतरणार.
— नाही सांगितलं: प्रजाती गेली.

"पप्पा, भारी झालंय."

"पण?"

"पण कुठे म्हटलं मी?"

"आईवर गेलीयस. भारी म्हणतेस आणि बघतेस खिडकीकडे."

"डावं शिंग वाकडं आहे हो त्याचं."

"दिसलं मला. मेल्यावर दबलं असेल बिचाऱ्याचं. मयताचे फोटो रंगवायचो ना मी, मान कलली असली तर सरळ करूनच द्यायचो. घरच्यांना बरं वाटतं."

"अहो, याच्या घरचे सगळे वाकडेच आहेत!"

तिने मोबाइल पुढे केला. हा जिवंत, फांदीवर बसलेला. ही मादी. हे पिल्लू.

पप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. पिल्लापाशी बोट थांबलं.

"एवढंसं, आणि याचंपण डावंच?"

"डावंच."

"मग हे दुखणं नाय. खानदान हाय."

"तेच तर भांडण आहे माझं!"

३. हात ऐकतो: नवं चित्र.
— हात ऐकत नाही:

नाहीच ऐकलं. नव्या कागदावर शिंग पुन्हा ताठ. खोडलं. पुन्हा ताठ.

"उभा जन्म सरळ ओढलंय गं यानं," पप्पा मनगट चोळत म्हणाले, जणू घरातल्या हट्टी म्हाताऱ्याची तक्रार करावी.

मग त्यांनी कागदच तिरका फिरवला. आपली नेहमीची सरळ रेघ मारली. कागद जागेवर आणला.

शिंग कललं होतं. हवं तेवढंच.

"सांग तुझ्या परीक्षकाला, किसन पेंटरने शुद्धीत काढलंय वाकडं."

कागद हलू नये म्हणून संघप्रियाने दोन्ही हातांनी कड धरून ठेवली. उजवं शिंग अजून काढायचं होतं.