पडून असलेल्या पाटल्या

वरदने लॅपटॉप आईकडे वळवला तेव्हा सुमेधाबाई मटार सोलत होत्या. पडद्यावर एक गोल होता आणि त्यात भलामोठा पिवळा तुकडा.

"तुमच्या दोघांच्या म्हातारपणाच्या पुंजीतलं हे सोनं, आई. जवळजवळ दोन तृतीयांश! भाव चढला म्हणून फुगलंय. उद्या उतरला तर? निम्मं विकून ठेवीत टाका, दरमहा व्याज येईल."

बाईंना पटलं. पेन्शन औषधांतच संपे. परवा फ्रीज बिघडला तर वरदकडे हात पसरावा लागला, आणि नेमकं तेच त्यांना नको होतं. पण पिवळा तुकडा जरा जास्तच मोठा वाटला.

"यात माझ्या पाटल्या धरल्यास?"

"सोनं ते सोनं ना, आई."

"मग बायकोचं मंगळसूत्रही धर की तुझ्या गोलात!"

 शेजारी बसलेले वरदचे वडील, वसंतराव, एकदम खुलले. "पाटल्याच मोडू या. नाहीतरी लॉकरमध्ये पडूनच आहेत. माझ्या वेढण्यांना हात नको. ती गुंतवणूक आहे."

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. टेलिफोन खात्यातल्या नोकरीत वेतन आयोगाची थकबाकी मिळाली, तेव्हा कुणाला न विचारता त्यांनी त्या पाटल्या घडवल्या होत्या. आणि यांची वेढणी? दर गुरुपुष्याला हा गृहस्थ चोख सोन्याचं एक वेढणं आणायचा, नुसता वळसा, ना नक्षी ना काही. त्या महिन्याचं वाणसामान बाईंच्या पगारातून यायचं. म्हणजे यांचं ते गुंतवणूक आणि माझं ते पडून!

"पाटल्या मोडल्या की मजुरी बुडते, वर घट कापतात. वेढण्यात काय कापणार? कंपनीत जन्मभर अकाउंट्स बघितलेत ना तुम्ही?"

"पण आत्ता विकणं मूर्खपणा आहे गं. भाव चढतोय अजून."

"लाखाला पोचलं की विकू, असं कोण म्हणालं होतं? पोचलं, तर म्हणालात सव्वा होऊ दे. सव्वा झालं, तर दिवाळी होऊ दे. मधे जरा उतरलं, तर पडत्या भावात कोण विकतं! चढताना नाही, उतरताना नाही. मग विकायचं कधी? आपण दोघं भिंतीवर हार घालून बसल्यावर?"

वरद फिसकन हसला.

"तू दात काढू नकोस. आणि अहो, उद्या बँक उघडली की लॉकर."

दुसऱ्या दिवशी लॉकर उघडताच बाईंनी पाटल्या हातात चढवल्या. "घ्या, आता नाहीत पडून." मग वेढण्यांचा बटवा काढून निम्मी वेढणी परत आत ठेवली, निम्मी पर्समध्ये टाकली आणि फणसवाडीच्या वाटेवरच्या नेहमीच्या सराफी पेढीची पायरी चढल्या. वसंतराव मागून, कोणी ओळखीचं बघत नाही ना हे पाहत.

वेढणी बघून पेढीचे मालक रघुवीरशेठ यांनी आवाज खाली आणला. "काका, घरी काही अडचण?"

वसंतरावांची मान आणखी खाली गेली.

"अडचणच म्हणायची," बाई म्हणाल्या. "सोनं फार झालंय."

"मग पैसे कशाला नेता, काकू? बदल्यात नवीन डिझाइन बघा. मजुरीत सूट देतो." शेठनी ट्रे पुढे सरकवला.

वसंतरावांचा हात चष्म्याकडे निघाला. बाईंनी तो तिथल्या तिथे दाबून धरला. पाटल्या काचेवर खणकन वाजल्या.

"ट्रे आत ठेवा, शेठ. वजन करा आणि चेक लिहा. दोघांच्या नावाने, जोडखात्यात भरायचाय."

संध्याकाळी वसंतराव मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आले. "बघ! आज आणखी वाढलं. उद्यावर ढकललं असतं तर?"

"तर उद्या परवावर ढकललं असतंत," बाई कणीक मळता मळता म्हणाल्या. पाटल्या त्यांनी कोपरापर्यंत सरकवल्या होत्या. "यापुढे भाव बघायचाच नाही. दर दसऱ्याला वरदचा गोल उघडायचा. पिवळं तिसऱ्या हिश्श्यापुढे गेलं की वरचं विकायचं. त्याच आठवड्यात."

"आणि पाटल्या?"

"त्या गोलात नाहीत. वरदला आत्ताच फोन करून काढायला सांगा."

वसंतरावांनी निमूटपणे नंबर लावला.